तारणासाठी केवळ श्रद्धा पुरेशी आहे काय?
(ख्रिस्ती धर्मविचाराचा एक तुलनात्मक अभ्यास)



आपल्या अभ्यासवर्गात इतर धर्मांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "ख्रिस्ती धर्मात काय, येशूवर विश्वास ठेवला की झाले, सगळी पापे माफ!" हे वाक्य बोलायला सोपे आहे, परंतु ते अर्धेच खरे आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी सर्व धर्म तपासण्यात घालवली. अशा नेत्याच्या अनुयायांनी दुसऱ्याच्या धर्माविषयी ऐकीव बोलणे शोभत नाही.

शिवाय हा धर्म आपल्याला परका नाही. जालना, नांदेड, लातूर, सोलापूर या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांतील अनेकांचे पणजोबा आणि आपले पणजोबा एकाच गावकुसाबाहेर राहत होते. त्यांनी एक वाट धरली, आपण दुसरी. म्हणून त्यांच्या धर्मातला हा मूळ प्रश्न नीट समजून घेऊ, आणि शेवटी तोच प्रश्न स्वतःलाही विचारू.

१) 'तारण' म्हणजे काय?

मराठी ख्रिस्ती लोक 'मोक्ष' या शब्दापेक्षा 'तारण' हा शब्द अधिक वापरतात. बुडणाऱ्याला कोणीतरी बाहेर काढावे, तसे ते तारणे. ख्रिस्ती मतानुसार मनुष्य पापात बुडालेला आहे. तो स्वतःच्या बळावर बाहेर येऊ शकत नाही. देवाने आपला पुत्र येशू याला पाठविले, त्याने वधस्तंभावर मरण पत्करून मानवाच्या पापाची किंमत चुकविली, आणि जो त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याला देव नीतिमान ठरवितो. यालाच 'कृपा' म्हणतात. कृपा कमवायची नसते, ती मिळते.

येथेच प्रश्न उभा राहतो. तारण जर कृपेने आणि विश्वासाने मिळत असेल, तर सत्कृत्यांचे स्थान काय? माणूस कसाही वागला तरी चालेल काय?

२) पौल आणि याकोब

हा प्रश्न बायबलच्या नव्या करारातच आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस, गलतीकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत सांगितले की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो. त्यामागे एक सामाजिक कारणही होते. यहुदी नसलेल्या लोकांनी ख्रिस्ती होण्यापूर्वी सुंता करावी, खाण्यापिण्याचे यहुदी नियम पाळावेत, असा काहींचा आग्रह होता. पौलाने तो मोडून काढला. जन्माने यहुदी असो वा नसो, दार सर्वांना सारखेच उघडे, हा त्याच्या शिकवणीचा गाभा होता. हा भाग आपण आदराने वाचला पाहिजे. कर्मकांडाची अट काढली की जन्माची अटही ढिली होते.

परंतु त्याच नव्या करारात याकोबाचे पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात याकोब दोन उदाहरणे देतो. पहिले असे की सभेत सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत आला तर त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला पायापाशी बसवता, हा कोणता विश्वास? दुसरे असे की अंगावर वस्त्र नाही, घरी अन्न नाही अशा बंधूला नुसते 'सुखाने जा' म्हणून वाटेला लावले तर त्याचा काय उपयोग? मग तो निर्णय देतो की कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे आणि मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, अंतिम न्यायाचे चित्र आहे. तेथे न्याय करणारा राजा विचारतो ते भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र आणि तुरुंगातल्याला भेट दिली की नाही, एवढेच. उलट लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेला एक गुन्हेगार आहे. त्याला सत्कृत्य करायला आता वेळच उरलेला नाही. तो फक्त येशूकडे विश्वासाने पाहतो आणि त्याला आश्वासन मिळते. म्हणजे दोन्ही बाजूंना आधार एकाच ग्रंथात सापडतो.

३) लूथरचे बंड

पंधराशे वर्षांनी हा वाद पुन्हा पेटला. रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी युरोपात पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकली जात होती. पैसे द्या आणि सूट घ्या. श्राद्ध, दक्षिणा आणि ग्रहशांती यांच्या नावाने गरिबाची गाठोडी कशी सुटते हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे, म्हणून हा प्रकार आपल्याला लगेच समजेल. जर्मनीतील मार्टिन लूथर या धर्मगुरूने १५१७ साली त्याविरुद्ध पंचाण्णव मुद्दे मांडले. तारण विकत मिळत नाही, कर्मकांडानेही मिळत नाही, ते केवळ विश्वासाने मिळते, असे त्याने ठासून सांगितले. १५२२ च्या आपल्या जर्मन भाषांतरात त्याने रोमकरांस पत्रातील एका वचनात 'केवळ' हा शब्द स्वतः घातला. याकोबाचे पत्र त्याला इतके अडचणीचे वाटले की त्याने त्याला गवताच्या काडीची उपमा दिली.

पण लूथरने 'हवे ते करा' असे म्हटले नव्हते. झाड चांगले असले की फळ चांगले येते, परंतु फळामुळे झाड चांगले होत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. सत्कृत्ये ही तारणाची किंमत नव्हेत, ती तारणाची खूण आहेत. 'केवळ विश्वास' या मताची टिंगल करणारे नेमका हा भाग विसरतात.

रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत १५४७ साली उत्तर दिले. विश्वास हा तारणाचा आरंभ आणि मूळ आहे, पण तो एकटा पुरत नाही. माणसाने देवाच्या कृपेला साथ दिली पाहिजे, त्यात आशा आणि प्रीती मिसळली पाहिजे. या मतभेदापायी युरोपात पुढे रक्तही सांडले. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव माणसाला त्याच्या पुण्याईमुळे नव्हे तर कृपेने स्वीकारतो आणि तीच कृपा त्याला सत्कृत्याला लावते, असा तिचा आशय आहे. २००६ साली मेथॉडिस्टांनीही तिला मान्यता दिली. जवळजवळ पाचशे वर्षांच्या भांडणानंतर निघालेला निष्कर्ष थोडक्यात असा की मूळ विश्वासाचे, पण फळ नसेल तर मूळ जिवंत आहे असे मानू नये.

४) पंडिता रमाबाई : मराठी मातीतील साक्ष

हा सिद्धान्त प्रत्यक्ष जीवनात कसा दिसतो? त्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंचे (१८५८ ते १९२२) चरित्र पाहावे.

रमाबाई संस्कृतच्या पंडिता होत्या. कलकत्त्याला १८७८ साली विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. धर्मशास्त्रे वाचताना त्यांना एक गोष्ट खटकली. शास्त्रांचे आपसात कितीही मतभेद असोत, स्त्री आणि शूद्र यांना स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही याविषयी मात्र सर्वांचे एकमत होते. वाचकहो, रमाबाईंचा धर्मशोध येथून सुरू झाला. आपल्या समाजाचाही धर्मशोध येथूनच सुरू झाला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांकडे आपल्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्यांची सेवा या बायका का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. म्हणजे येथे आधी कृती दिसली आणि विश्वास मागून आला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही रमाबाईंनी बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तासारख्या कितीतरी बाबींवर त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरवले आहे, आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी सुनावले. त्यांच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात टीकेची झोड उठली, तेव्हा १८८५ साली 'सत्सार' काढून महात्मा जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली, ही नोंद आपण विसरू नये.

पुढे काय झाले? बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या मनात नवी अस्वस्थता आली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला सापडलाच नाही, असे त्यांना वाटू लागले. नियम पाळून आणि पुण्य करून समाधान मिळत नाही, विश्वासानेच मिळते, असा त्यांचा निश्चय झाला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे सविस्तर सांगितले आहे. म्हणजे 'केवळ विश्वास' हे मत त्यांनी पूर्णपणे स्वीकारले.

आता या बाईने कृती सोडली काय? ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले शारदा सदन त्या चालवीतच होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मरणाच्या दारातील शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. दौंडजवळ केडगाव येथे त्यांनी वसविलेल्या संस्थेत जवळजवळ दोन हजार जणी राहू लागल्या. तेथे शेती, विणकाम, छपाई आणि शिक्षण चाले. अंध मुलींनाही हाताला काम मिळे. संस्थेचे नाव त्यांनी ठेवले 'मुक्ती'. स्वतः मूळ भाषा शिकून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

तारण विश्वासानेच मिळते असे मानणाऱ्या या बाईने कृतीचा डोंगर उभा केला. तिच्या लेखी ती तारणाची किंमत नव्हती, कृतज्ञता होती. मत आपल्याला पटो वा न पटो, 'विश्वास ठेवला की झाले' हा आरोप तिच्यापुढे टिकत नाही.

५) जालन्याचे बेथेल आणि बाबासाहेबांची कसोटी

मराठवाड्यात ख्रिस्ती कार्य जालन्याला रुजले. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ. त्यांनी निजामाच्या राज्यात येऊन मांग व इतर दलित जातींत काम केले आणि जालन्याजवळ सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वसाहत उभारली. बेथेल म्हणजे देवाचे घर. जेथे सावली पडली तरी विटाळ होत असे, त्या समाजाला स्वतःचे घर, शाळा आणि प्रार्थनास्थळ मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मग बाबासाहेबांनी हा मार्ग का घेतला नाही? १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी सांगितले की तुलनात्मक धर्माच्या अभ्यासातून आपल्या मनावर दोनच व्यक्तिमत्त्वांची पकड बसली, एक बुद्ध आणि दुसरे ख्रिस्त. पण त्याच भाषणात त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. दक्षिणेत चर्चमध्येही जात पाळली जाते आणि भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध समाज म्हणून कधी लढला नाही. पुढे धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर लिहिलेल्या निबंधांत (हे लेखन महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाले) त्यांनी मुळावर बोट ठेवले. माणसाचे दुःख त्याच्या पापामुळे आहे, क्षमा मिळाली की काम झाले, असे शिकविले तर तो आपल्या भोवतालच्या अन्यायी समाजरचनेकडे पाहत नाही. त्याचे दुःख गावाच्या व्यवस्थेतून आलेले असते आणि त्याची नजर मात्र आकाशाकडे लागते. मिशनऱ्यांचे शाळा-दवाखान्यांचे काम त्यांनी मान्य केले, पण त्याचा फायदा बहुतांशी वरच्या जातींनी उचलला हेही दाखविले.

बाबासाहेबांची कसोटी अशी होती. 'मेल्यावर काय मिळेल' हे त्यांनी विचारले नाही. 'श्रद्धा बदलल्यावर माणसामाणसांतील नाते बदलले काय' हे विचारले. याकोबाने श्रीमंत आणि गरिबाच्या बैठकीवरून विचारलेला प्रश्नही हाच आहे. म्हणून ही टीका ख्रिस्ती धर्माच्या उत्तम शिकवणीच्या विरोधात जात नाही, ती त्या शिकवणीच्या विस्मरणावर आहे. ख्रिस्ती विचारवंतांनीही पुढे हे ओळखले. १९८१ साली बंगलोर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी जातीच्या प्रश्नावरून धर्मविचाराची नवी मांडणी केली, आणि तेथून दलित ख्रिस्ती धर्मविचाराचा प्रवाह सुरू झाला असे मानले जाते.

६) गोदाकाठाहून गेलेला प्रश्न

तथागतांचे उत्तर काय? ते समजण्यासाठी आपल्याच नदीकाठी यावे लागेल. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची कथा आहे. तो अस्सक जनपदाच्या प्रदेशात गोदावरीच्या काठी राहत होता. अस्सकांची राजधानी म्हणजे नांदेडपासून जवळ असलेले आजचे बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यात दाभड येथे 'बावरीनगर' हे नाव घेऊन महाविहार उभा आहे तो याच स्मृतीमुळे. बावरीने आपले सोळा शिष्य प्रश्न घेऊन बुद्धाकडे उत्तरेला पाठविले.

त्यांतील धोतक याने बुद्धाला विनंती केली की मला शंकांतून मुक्त करा. तथागतांनी स्पष्ट सांगितले की मी कोणाही संशयग्रस्ताला मुक्त करू शकत नाही. तू स्वतः श्रेष्ठ धम्म जाणलास तर तूच हा ओघ तरून जाशील. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी यालाच 'मार्गदाता' आणि 'मोक्षदाता' असा भेद करून मांडले. ख्रिस्ती मतात येशू मोक्षदाता आहे. बुद्ध वाट दाखवतो, चालायचे आपण. दोन्ही धर्मांतील खरा फरक हा आहे. एकात श्रद्धा आणि दुसऱ्यात कृती, अशी वाटणी करणे बरोबर नाही.

कारण धम्मातही सद्धा आहे. पाच इंद्रियांत (सद्धा, विरिय, सति, समाधि, पञ्ञा) तिचे स्थान पहिले आहे. ज्या ग्रंथावरून औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाला नाव मिळाले, त्या मिलिंदपञ्हात नागसेन सद्धेला दोन उपमा देतो. गढूळ पाणी निवळणाऱ्या मण्यासारखी ती मन स्वच्छ करते. आणि पूर आलेल्या ओढ्याच्या काठावर लोक घाबरून उभे असताना एक जण कास घालून उडी मारून पलीकडे जातो, त्याला पाहून इतरांना धीर येतो, तशी ती पुढे झेप घ्यायला लावते. पुराची उपमा गोदाकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. पण पाहा, धीर दुसऱ्याकडून मिळाला तरी उडी स्वतःलाच मारावी लागते. सद्धा आरंभी आहे आणि शेवटी प्रज्ञा आहे. प्रज्ञेवाचून सद्धा आंधळी होते.

प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे की बौद्ध जगातही 'केवळ श्रद्धा' म्हणणारे झाले. जपानचे शिनरान (११७३ ते १२६३) यांनी अमिताभ बुद्धावरील श्रद्धेनेच उद्धार होतो असे शिकविले. त्यांचे काही अनुयायी 'मग पाप केले तरी चालेल' म्हणू लागले, तेव्हा औषध जवळ आहे म्हणून कोणी मुद्दाम विष घेऊ नये, अशा अर्थाने त्यांना समजावावे लागले. लूथरपुढे उभा राहिलेला प्रश्न तोच होता. श्रद्धेचा हा आळशी अर्थ कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही.

७) आपल्यापुढील प्रश्न

म्हणून हा धडा शेजाऱ्याकडे बोट दाखवून संपत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा कोण कशावर विश्वास ठेवतो यापेक्षा कोणाच्या हातात पहार आणि पाण्याची घागर आहे हे महत्त्वाचे ठरले. ऑगस्ट १९७८ मध्ये नामांतराच्या काळातील अत्याचारांत नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. अशा माणसांच्या निष्ठेमुळे चळवळ उभी राहिली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. निष्ठेचे बळ कोणी नाकारणार नाही. पण त्या निष्ठेचे पुढे काय करायचे?

बावीस प्रतिज्ञा पाहा. पहिल्या काही प्रतिज्ञा जुने सोडण्याच्या आहेत. त्यापुढे अष्टांग मार्ग, दहा पारमिता, प्राणिमात्रांवर दया, चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे, या करण्याच्या प्रतिज्ञा आहेत. आपण पहिला भाग मोठ्याने म्हणतो आणि दुसऱ्या भागाशी आवाज खाली येतो, असे होता कामा नये. बाबासाहेबांची तसबीर देव्हाऱ्यात ठेवून नवस बोलणे, जयंतीला हजारोंची वर्गणी काढून वस्तीतल्या मुलीच्या शाळेच्या शुल्काला हात आखडणे, सोयरीक जुळविताना हळूच पोटजात विचारणे, ही कृतीवाचून श्रद्धाच आहे. मार्गदात्याला मोक्षदाता केले की वाट चालायची राहून जाते.

ख्रिस्ती बांधव विश्वासाला मूळ मानतात आणि फळावरून त्याची परीक्षा करतात. आपण सद्धेला पहिले पाऊल मानतो आणि शील, समाधी, प्रज्ञा यांनी पुढची वाट चालतो. दोन्ही घरांतील माणूस ओळखायचा तो त्याच्या वागण्यावरून. बावरीच्या शिष्यांनी प्रश्नासाठी गोदावरीपासून पायी प्रवास केला. आपल्याला तर फक्त घरापासून विहारापर्यंत आणि विहारापासून वस्तीपर्यंत जायचे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पौल आणि याकोब यांच्या म्हणण्यात खरोखर विरोध आहे काय? तुमचे मत कारणांसह लिहा.
२. पंडिता रमाबाईंच्या जीवनात कृती आणि विश्वास यांचा क्रम कसा दिसतो?
३. 'मार्गदाता' आणि 'मोक्षदाता' यांतील भेद स्वतःच्या शब्दांत सांगा.
४. बावीस प्रतिज्ञांपैकी आचरणाविषयीच्या प्रतिज्ञांची यादी करा आणि गेल्या वर्षभरात आपल्या वस्तीत त्यांपैकी कोणत्या पाळल्या गेल्या यावर गटात चर्चा करा.

भवतु सब्ब मंगलं। जय भीम।